सासूबाईंच्या चालीचा पहिला गिअर

गिअरबॉक्स मी निवडला. मिस्त्रीने नाही, नवऱ्याने नाही, मोठ्या दिरांनी तर नाहीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वस्तीत अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "वहिनी, गाडीचं काम कुणी करून दिलं?" करून दिलं म्हणे! गाडी बाईच्या नावावर असली तरी त्यामागचं डोकं पुरुषाचंच असणार, ही खात्री लोकांना कुठून येते कोण जाणे.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची वस्ती आहे. तिथून मी रोज सकाळी साकीनाक्याला जाते, तिथल्या गाळ्यांमधून थर्माकोल आणि पुठ्ठ्याची खोकी भरते आणि मुलुंडपासून भिवंडीपर्यंत पोचवते. माल वजनाला हलका, पण आकाराने अवाढव्य. नवरा शाळेत शिपाई आहे. त्याला स्टिअरिंगची भीती वाटते आणि तो ती लपवत नाही, हा त्याचा मोठेपणा. गाडीची कागदपत्रं तो सांभाळतो, गाडी मी सांभाळते.

वर्षातून एकच दिवस गाडीत खोकी नसतात. एप्रिलमध्ये जयंती असते. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की पुरतं, कुणाची ते सांगावं लागत नाही. त्या दिवशी पिकअपचा रथ होतो. मागच्या हौद्यात तसबीर, भोवती निळं कापड आणि फुलं. वस्तीतून खाली मुख्य रस्त्यावर यायचं, चौकाला वळसा घालायचा आणि चढणीने परत विहारापर्यंत जायचं. एरवी चालत अर्ध्या तासाचं अंतर, मिरवणुकीला चार तास लागतात. गाडीच्या अगदी पुढे पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बायका चालतात. त्यात माझ्या सासूबाई. सात वर्षं मी त्यांच्या मागे तो रथ चालवला होता.

गेल्या वर्षी चौक मागे टाकून चढणीला लागलो आणि इंजिन जाम झालं. रेडिएटरचं पाणी कधी संपलं, काटा कधी वर चढला, मला कळलंच नाही. माझं लक्ष काट्याकडे नव्हतं, पुढच्या माणसांच्या पायांकडे होतं. चूक माझी, मान्य. माणसांनी हात लावून गाडी विहारापर्यंत ढकलत नेली. कुणी एका शब्दाने बोललं नाही. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि मागून शंभर माणसांचा जोर लागत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोलले ते चार दिवसांनी, समितीच्या बैठकीत. मोठे दीर समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी भाड्याची नवी गाडी सांगू, ड्रायव्हरसकट. वहिनींना पण जरा आराम."

आराम! तळपायाची आग मस्तकात गेली. मी आराम मागितला होता का? पण गाडी दारात मरून पडलेली, तोंड कुठल्या बळावर उघडणार? मला ती जागा हवी होती, हे मी इथे लपवणार नाही. बाकी सगळं वर्षभर मी दुसऱ्यांची खोकी वाहते, कुठल्या खोक्यात काय आहे तेही मला माहीत नसतं. त्या एका दिवशी मी काय वाहतेय ते मला माहीत असतं. ते काम माझ्या डोळ्यांदेखत भाड्याच्या माणसाने करायचं आणि मी आराम करायचा?

इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. साकीनाक्याला ज्यांच्याकडे मी गाडी नेते ते मिस्त्री मालाडला राहतात, मूळचे मालवणकडचे, साठीला आलेले. हात सोन्याचा आणि तोंड तिखट. त्यांनी त्याच कंपनीच्या मोठ्या जीपगाडीचं डिझेल इंजिन शोधून आणलं, आणि त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा पाच गिअरचा गिअरबॉक्स.

"अख्खो सेट गावलो गो बाय," ते खूश होऊन म्हणाले. "इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, सगळा एकमेकाच्या ओळखीचा. फक्त मागचो शाफ्ट थोडो कापूचो. हायवेर झकास पळतली!"

मी विचारलं, "पहिला गिअर कसा आहे?"

"पहिलो म्हणजे?"

"पहिल्या गिअरला, दोन्ही पेडलवरून पाय काढल्यावर, गाडी किती हळू चालेल?"

मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गाडीला अंडी उबवता येतात का असं विचारलंय. पण माझा प्रश्न साधा होता. मिरवणुकीत गाडी पळवायची नसते, चालवायची असते, तीही म्हातारीच्या पायाने. माझ्या जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर इतका ताकदीचा होता की पाय काढून घेतले तरी इंजिन बंद न पडता गाडी रांगत राहायची. जीपगाडीचा पहिला गिअर जास्त वेगाचा. त्याने मिरवणूक चालवायची म्हणजे चार तास क्लच अर्धा दाबून ठेवायचा. क्लच प्लेट जळून वास सुटणार, आणि परत शंभर माणसं मागे हात लावणार. ते मी मरेपर्यंत होऊ देणार नव्हते.

हे मला कसं कळत होतं, तर लग्नानंतर पंधरा वर्षं मी साकीनाक्याच्याच एका गाळ्यात गिअर कापायच्या कारखान्यात काम केलं. मशीन पुरुष चालवायचे. कापून आलेल्या चाकाच्या दात्यांवरची खरखर कानशीने काढणं आणि दाते मोजणं हे आम्हा बायकांचं काम. एक दाता कमी निघाला तर अख्खा लॉट परत. मी झोपेतही दाते मोजायचे असं नवरा सांगतो. त्यामुळे गिअरबॉक्स कसा तपासायचा ते मला शिकवायला नको. इंजिनाकडच्या शाफ्टवर खडूची खूण करायची, मागच्या शाफ्टवर दुसरी, आणि मोजायचं, पुढचा किती वेळा फिरवला की मागचा एकदा फिरतो. माझ्या जुन्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरमध्ये पाचाहून थोडे जास्त फेरे लागायचे. जीपगाडीच्या गिअरबॉक्सला मी मिस्त्रींसमोरच मोजले, चारसुद्धा पुरे नाहीत.

"मग माझा जुना चार गिअरचाच बसवा," मी म्हटलं.

"तो ह्या इंजिनाक बसना नाय. बोल्टाची भोकाच जुळनत नाय. भंगारात घाल तेका." मग त्यांनी हात पुसले आणि मुद्द्यावर आले. "एका दिवसासाठी वर्षभर गाडीची वाट लावतंस? पाचवो गिअर सोडतंस? भिवंडीक जाताना बोंबलत जातली गाडी, अर्धो तास जास्त लागतलो."

"लागू दे."

"एका दिवसासाठी?"

"हो, एका दिवसासाठी. मिस्त्री, तुम्ही गणपतीला आठ दिवस गॅरेजला कुलूप लावून गावी पळता. माझी गाडी इथे अर्धी उघडी पडलेली असते. तेव्हा मी विचारते का, एवढं कशासाठी म्हणून?"

ते हसले. "बरां," म्हणाले, "गावलो तर घेवन ये दुसरो. माझ्याच्यान शोधूचा होवचा नाय."

मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले. तिकडे बायका जात नाहीत असं नाही, पण ज्या जातात त्या नवऱ्याच्या मागे उभ्या राहतात. माझ्या बाबतीत नवरा माझ्या मागे उभा होता, हातात माझी जुनी क्लच प्लेट घेऊन. प्लेट नेण्याचं कारण असं की तिच्या मधल्या भोकाला आतून दाते असतात. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकून बसली तर शाफ्ट आपल्या मापाचा. चार दुकानं फिरले. दुकानदार माझ्याशी न बोलता नवऱ्याशी बोलायचे आणि नवरा इमानदारीत सांगायचा, "इनको पूछो."

पाचव्या दुकानात त्याच कंपनीच्या मालवाहू गाडीचा गिअरबॉक्स मिळाला. जीपगाडीच्या इंजिनाला भोकं जुळणारी. प्लेट सरकून बसली. वरचा दांडा निघालेला होता, म्हणून दुकानदाराने आत स्क्रूड्रायव्हर घालून गिअर टाकला. "ये लो, पहला." मी खडूच्या खुणा केल्या, फिरवलं, मोजलं. पाचाच्या अगदी जवळ! आनंदाने मी परत एकदा मोजलं. नवऱ्याने घासाघीस करायला तोंड उघडलं तर मीच त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तो गिअरबॉक्स बाकावर घेतला, माझ्यासारखाच फिरवला आणि कपाळावर हात मारला.

"बाय माझे, मी हयसर उजवीकडे फिरवतंय आणि तो थंय डावीकडे फिरता. ह्यो रिव्हर्स आसा!"

दुकानदाराने गिअर मागे जायचा टाकला होता. तो मुद्दाम की नकळत, ते त्याला ठाऊक. मी फेरे मोजले आणि दिशा बघितलीच नाही. त्याचा खरा पहिला गिअर मोजला तर जीपगाडीइतकाच वेगाचा. पंधरा वर्षं दाते मोजून हे डोकं तयार झालं होतं. चाक पुढे कुणाच्या गाडीत जाईल, कुठल्या बाजूला फिरेल, हे त्या गाळ्यात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. आकडा बरोबर आला की आमचं काम संपायचं. स्वतःचाच राग आला. आणि दुकानदाराने माल परत घेतला नाही, हे वेगळं सांगायला नको.

वस्तीत बातमी माझ्या आधी पोचली. दीर नळाच्या कट्ट्यावर बसले होते. मला बघून मोठ्याने म्हणाले, "काय वहिनी, जयंती उलटी काढायची ठरवलीत म्हणे! आम्ही विहारातून निघू, तुम्ही पाठमोऱ्या या!" सगळी गल्ली हसली. नवराही हसला, पेपर तोंडापुढे धरून. मी त्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि त्याची घडी घालून ठेवली. त्याहून जास्त काही केलं नाही, तरी त्याला पुरलं.

आणि खरं सांगते, त्या हसण्याने मला जोर आला. नुसती गाडी बिघडली असती तर मी कदाचित दमले असते. पण आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

माझा जुना गिअरबॉक्स गॅरेजमध्ये बाकाखाली पडला होता. मी तो रॉकेलने धुतला आणि पहिल्यांदा नीट बघितला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक मोठं ओतीव कवच असतं, त्याला बेल हाउसिंग म्हणतात. त्याची भोकं इंजिनाला जुळत नव्हती. पण हे कवच गिअरबॉक्सचं अंग नव्हतं, बोल्टांनी जोडलेला वेगळा तुकडा होता. जीपगाडीच्या गिअरबॉक्सचंही तसंच. म्हणजे तिकडचं कवच काढून माझ्या गिअरबॉक्सला लावता आलं तर?

मिस्त्रींना हे आधीच ठाऊक होतं. चेहऱ्यावरूनच कळलं. खटपट नको म्हणून ते बोलले नव्हते.

पुठ्ठ्याची मला कमी नाही. माझ्या गिअरबॉक्सच्या तोंडाला ग्रीस फासलं, त्यावर पुठ्ठा दाबला, भोकांचा ठसा उमटला. तो पुठ्ठा जीपगाडीच्या कवचावर धरला. आठातली सहा भोकं बरोबर जुळली. दोन जरा बाजूला. मधला गोल किंचित सैल. मी तो पुठ्ठा मिस्त्रींच्या नाकासमोर धरून उभी राहिले. ते चष्मा चढवून बराच वेळ बघत होते.

"दोन भोका नवीन पाडूक व्हयी," शेवटी म्हणाले. "मध्ये रिंग व्हयी. शाफ्टाचा टोक थोडा अखूड पडात, तेका लांब बुश व्हयो. क्लच प्लेट नव्या इंजिनाची, पण मधलो तुकडो तुझ्या प्लेटीचो रिव्हेट करूक व्हयो."

"म्हणजे होईल."

"होयत. पण वर्षभर शिव्या घालतलंस माका."

"त्या तशाही घालतेच."

रिंग आणि बुश, म्हणजे शाफ्टाच्या टोकाला आधार देणारी पितळी नळी, मी माझ्या जुन्या कारखान्यात करून घेतले. लेथवरच्या माणसाने ओळखलं, म्हणाला, "अजून मोजतेस का गं?" मी म्हटलं, "आता दिशापण बघते." इंजिनचा नवा नंबर गाडीच्या कागदावर चढवायला नवऱ्याने आरटीओच्या तीन खेपा घातल्या, कुरकुर न करता. पेपरमागे हसल्याची भरपाई असावी.

मार्च संपता संपता गाडी सुरू झाली. तपासायची कशी? मिस्त्री म्हणाले हायवेला नेऊ. मी म्हटलं, नाही, गल्लीत. रविवारी सकाळी मी सासूबाईंना गाडीपुढे उभं केलं. त्या जालन्याकडच्या, वय ऐंशीच्या आसपास, गुडघ्यात दुखतं, पण काठी घेत नाहीत.

"माझ्या अंगावर घालती का काय गं?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही दूधवाल्यापर्यंत जा आई. रोज जाता तशा."

त्या निघाल्या. मी पहिला टाकला, क्लच सोडला, पाय काढून घेतले. पहिल्यांदा गाडी त्यांच्या जरा जवळ गेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून इंजिनाचा स्लो, म्हणजे पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, अजून कमी केला. दुसऱ्यांदा तो इतका कमी झाला की गाडी धडधडायला लागली. स्लो किंचित वाढवल्यावर तिसऱ्यांदा दूधवाल्यापर्यंत सासूबाई आणि गाडी यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं. मिस्त्री बाजूने चालत होते, एक हात गाडीवर ठेवून. दूधवाल्याकडे पोचल्यावर त्यांनी मान हलवली आणि दुधाच्या दोन पिशव्या घेऊन सासूबाईंच्या हातात दिल्या.

दिरांनी हे सगळं खिडकीतून बघितलं होतं. पण बैठकीत म्हणाले, "भाड्याची गाडी सांगून झालीय. शब्द दिलाय."

"येऊ दे ना," मी म्हटलं. "मी पण येणार. रस्ता कुणाच्या बापाचा नाही."

जयंतीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मिरवणूक निघाली. नवीकोरी पिकअप, त्यात तसबीर. ड्रायव्हर भला माणूस होता, टिळा नाही, गुटखा नाही, इस्त्रीचा शर्ट. मी मागे, गाडी धुतलेली, हौद्यात चालणाऱ्यांसाठी पाण्याचे ड्रम. निळे झेंडे माझ्याही गाडीला होते, पण रिकाम्या रथाला झेंडे लावून बसणं म्हणजे काय ते मी कुणाला सांगू? डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते.

त्या गाडीचा पहिला गिअर वेगाचा. ड्रायव्हर क्लच सोडायचा, गाडी झटक्यात पुढे जायची, ब्रेक, परत झटका. प्रत्येक झटक्याला पुढच्या म्हाताऱ्या दचकून दोन पावलं पळायच्या. सासूबाई दर चार पावलांनी मागे वळून बघत होत्या. मुख्य रस्त्याच्या वळणावर जळक्या क्लचचा वास माझ्यापर्यंत आला. आणि सासूबाई थांबल्या. रस्त्याच्या मधोमध. लेझीम थांबलं, ढोल थांबला.

दीर धावत गेले. "आई, काय झालं? पाय दुखतोय का?"

"पाय न्हाई दुखत," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या शांततेत त्यांचा आवाज मागे माझ्यापर्यंत आला. "आमी काय ढोरं हाय का? मागून कुणी रेटावं अन् आमी पळावं? लई रेटून घेतलं जलमभर. आज न्हाई."

माझ्यासाठी त्या थांबल्या नव्हत्या, हे मला स्वच्छ कळत होतं. त्या स्वतःसाठी थांबल्या होत्या.

मग बायकांनीच सुरुवात केली. दोघी नव्या गाडीच्या हौद्यात चढल्या, फुलं काढायला लागल्या. माणसं पुढे आली. माझ्या गाडीतले पाण्याचे ड्रम उतरले, नव्या गाडीत चढले. तसबीर हातोहात मागे आली, माझ्या गाडीत चढली, आणि माझी गाडी पुढे. इस्त्रीच्या शर्टवाल्या ड्रायव्हरने स्वतः एक बाजू धरली होती. त्याला सुटल्यासारखं झालेलं दिसत होतं.

दीर माझ्या खिडकीशी आले. घामेजलेले. खिडकीच्या कडेला हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षीचं आपण बसून ठरवू."

"ठरवायचं काय त्यात?" मी म्हटलं. "बाजूला व्हा भाऊजी. आई निघाल्या."

ते बाजूला झाले. ढोल सुरू झाला. चौक गेला, चढण लागली, चढण संपली, विहार आला. सासूबाईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.